उजव्या कानाच्या रेकॉर्डी

माझा डावा कान लहानपणी वाहायचा. सातवीत असताना तो वाहायचा थांबला आणि ऐकायचाही थांबला. टेमघरच्या आमच्या घरात कुणी ते फार मनाला लावून घेतलं नाही. पुढे मी भिवंडीत जॉबर झालो, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. शेडमधे अठ्ठेचाळीस माग एकदम धडधडायचे. तिथे दोन कानवालेही ओठ आणि हात बघूनच बोलायचे, त्यामुळे माझं काही अडलं नाही.

अडलं ते शेठच्या घरी. आमचे शेठ कोकणी मुसलमान, तिथले जुने लोक. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात कधीतरी त्यांच्या मुलाने दुबईहून स्टिरिओ आणला आणि वायरी जोडायला मला बोलावलं. जोडून झाल्यावर त्याने इंग्रजी रॉकची एक जुनी रेकॉर्ड लावली आणि हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला.

"ऐक जॉबर, काय आवाज येतो बघ."

ड्रम वाजत होते, जाड तारांची गिटार होती. "चांगलं हाय," मी म्हणालो, "पण यात गाणारा न्हाय का?"

हॉलमधले सगळे हसले. त्याने हेडफोन काढून उलटा घातला. आता गाणारा आला आणि ड्रम गेले. पुन्हा हशा. मला कान लाल झाल्याचं जाणवलं, दोन्ही.

शेठचे मोठे भाऊ कोपऱ्यात बसले होते. तीसेक वर्षं बोटीवर नोकरी करून आलेले, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. "हसताय काय?" ते म्हणाले. "याला वेगळी रेकॉर्ड लागते." वर जाऊन त्यांनी त्यांची एक रेकॉर्ड आणली आणि लावली. गाणारा, ड्रम, गिटार, सगळं एकदम माझ्या उजव्या कानात आलं. एक अक्षर कळत नव्हतं, पण काही सुटतही नव्हतं. मी उभा होतो तो खाली बसलो.

"ही मोनो," चाचा म्हणाले. "स्टिरिओत अर्धा आवाज एका बाजूला, अर्धा दुसऱ्या; मोनोत सगळा एकत्र. आमच्या केबिनमधे एकच स्पीकर, म्हणून प्रत्येक बंदरात मी मोनोच मागायचो. त्या काळात ही बँडवाली पोरं स्वतः बसून मोनो जमवायची. स्टिरिओ मागनं दुसरं कुणीतरी उरकायचं."

तिथून माझा नाद सुरू झाला. एक जुना प्लेयर मिळवून मी नीट केला. आधी वाटलं, मोनो शोधायची कशाला, स्टिरिओच्या दोन वायरी एकत्र बांधल्या की झालं. बांधल्या. सगळं एका कानात आलं खरं, पण गाणारा मागे सरकलेला, ड्रम पोकळ. चाचांच्या रेकॉर्डीशेजारी ते ऐकवेना. तो फरक मी महिनोन्‌महिने ऐकत राहिलो. चाचा गेले त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी त्यांच्या नऊच्या नऊ रेकॉर्डी मला दिल्या.

मग लोक कॅसेटींकडे वळले आणि रेकॉर्डी भंगारात येऊ लागल्या. शुक्रवारी माग बंद असायचे. मी सायकल काढून वळ गावाच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे जायचो. वितळवायला आलेल्या ढिगातून तो माझ्यासाठी इंग्रजी बाजूला काढायचा. "जॉबर, तेरे वास्ते रख्खेला है," लांबूनच ओरडायचा. शंभरात एखादी कामाची निघायची. बायको म्हणायची, "भाषा कळत न्हाय, मंग ऐकता तरी काय?" पण धूळ पुसायला फडका तीच द्यायची.

नव्वदच्या दशकात त्या भंगारवाल्याकडून पत्ता घेऊन मुंबईचे एक गृहस्थ घरी आले. मोठे संग्राहक. माझ्या सदतीस रेकॉर्डी बघून त्यांनी पिशवीतून स्वतःची एक काढली. "अशी तुमच्याकडे नसेल. दुर्मीळ मोनो आहे."

मी लावली. पहिलं गाणं संपायच्या आत म्हणालो, "साहेब, ही मोनो न्हाय. स्टिरिओ दाबून एक केलेली हाय."

"कव्हरवर छापलंय की!"

"छापलं असंल."

त्यांची दोन गाणी होऊ दिली, मग मी माझ्याकडची तीच रेकॉर्ड लावली. गाणारा पुढे आला. दुसरं गाणं त्यांच्या रेकॉर्डीवर जिथे विरतं, तिथे माझ्या रेकॉर्डीवर ते पुढे चालू राहिलं, आणि मागून कुणीतरी हसल्याचा आवाज आला. गृहस्थ पुढे वाकले. "परत लावा." मी परत लावली. तिसऱ्यांदाही लावली.

"वीस वर्षं मी ही लोकांना मोनो म्हणून ऐकवतोय," ते शेवटी म्हणाले. "तुम्हाला पहिल्याच गाण्यात कसं कळलं?"

मी काही बोलायच्या आत बायको चहा घेऊन आली. "ह्यांचा एकच कान चालतो," ती म्हणाली. "त्या एकात सगळं कळतं ह्यांना." तिच्या तोंडून असं काही मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

त्या गृहस्थांनी मनात काही ठेवलं नाही. उलट त्यांच्या ओळखीच्या संग्राहकांना सांगितलं. पुण्याहून, बंगळुरातून पत्रं यायला लागली, मग पुठ्ठ्यात बांधलेल्या रेकॉर्डी. पोस्टमन विचारायचा, "यात असतं तरी काय?" मी ऐकायचो आणि पोस्टकार्डावर एकच शब्द लिहायचो, खरी किंवा दाबलेली. तिघांना माझा निकाल पटला नाही. त्यांनी बाहेर कुठे कुठे मोठ्या जाणकारांना विचारलं. तिन्ही वेळा तिकडून माझंच उत्तर आलं.