चिनी मुलांचं इंग्रजीचं पुस्तक

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्यावर लिहायला बसलोय, माफ करा.

बोईसरच्या रिक्षा स्टँडवर एक कामगार रोज इंग्रजी सरावाचं पुस्तक घेऊन बसायचा. चीनमधल्या हायस्कूलच्या मुलांसाठीचं ते पुस्तक त्याला कारखान्यात, चीनहून आलेल्या यंत्राच्या खोक्यात सापडलं होतं. छापील उत्तरं तंबाखूच्या डबीने झाकून तो उतारा सोडवायचा आणि मला तपासायला द्यायचा.

"काका, चिनी अक्षरांचं काय करता?"

"सोडतो. तुला तरी कॉलेजात सगळं कलतं काय?" तो हसला. "पिंपं उचलून पाठ गेली. इंग्रजी आली का आत प्लान्टवर घेतील."

पावसाळ्यानंतर खरंच घेतलं. त्याने मला पेढा दिला.

दिवाळीनंतर तो दिसेना. चहावाला म्हणाला, "प्लान्टमदी स्फोट झाला ना, त्यात गेला."

पेपरात तीन नावं होती. त्यातलं त्याचं कोणतं, मला सांगता येईना.