वर्तककाका, ड्रॅगन आणि एक संशयित

वर्तककाका गेल्याचा काकूंचा फोन आला तेव्हा मी कोलकात्याच्या सेक्टर फाइव्हमधल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये मॅनेजरची नक्कल करत उभा होतो. काकू म्हणाल्या, "झोपेतच गेले रे. तू जरा सगळ्यांना कळव." मी पहिला फोन लावला तो इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींना, जोगांना. ते उखडलेच. "मस्करीला काही लिमिट? दिवाळीत फोनवर काकांचा आवाज काढून मला झापलं होतंस ते विसरलो नाही मी!" पुढच्या फोनलाही तेच. शेवटी बिचाऱ्या काकूंनाच एकेकाला सांगावं लागलं... नकला करणाऱ्याच्या खऱ्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, हे मला नवीन नव्हतं. पण माझ्यावर संशय घेऊनच गेलेला माणूस म्हणजे काका, असं मी त्या दिवशी धरून चाललो होतो, आणि तेच जास्त खुपत होतं.

मी करमाळ्याचा. शाळेत सरांच्या नकलांपायी वर्गाबाहेरच जास्त शिकलो. नोकरीने उचलून कोलकात्यात आणून टाकलं. काका बँकेतले, शेवटची बदली इथली, रिटायर झाले आणि डमडमलाच राहिले. गणपतीत मी जोगांची नक्कल केली, सगळे हसले, काका हसले नाहीत. जवळ येऊन म्हणाले, "बुद्धिबळ येतं का?" मी म्हटलं, "घोडा अडीच घरं जातो, एवढं येतं." "पुरे. रविवारी घरी ये."

कारण होते सान्यालबाबू. काकांच्या गल्लीतल्या क्लबात दर शनिवारी या दोघांचा डाव असायचा. काकांकडे पांढरी बाजू असली की सान्यालबाबू न चुकता एकच बचाव करायचे, ज्याला ड्रॅगन म्हणतात. उंट कोपऱ्यात राजाजवळ बसवायचा आणि तिथून लांब तिरक्या रेघेवर गुरगुरत ठेवायचा. पांढऱ्याने जरा चुकावं, की काळा आपला हत्ती देऊन घोडा मारतो आणि राजावरचं छप्परच उडवतो. काकांचं छप्पर इतक्यांदा उडालं होतं, की शुक्रवारपासून त्यांना जेवण जायचं नाही. म्हणून त्यांनी या एका बचावाविरुद्ध पांढऱ्याची अख्खी तयारी बांधायला घेतली. चाली पुस्तकातून पाठ होत्या. पण म्हणायचे, "समोर तो बसला की पाठ केलेलं उडतं. तो नाक ओढतो, मान हलवतो, मला वाटतं माझं काहीतरी चुकलं. तू सान्याल हो. मला सवय होऊ दे."

मग मी क्लबात जाऊन सान्यालबाबूंना निरखायला लागलो. त्यांचा चष्मा पुसणं, मोहरा उचलण्याआधी बोटं चोळणं, "चाल दिन, मोशाय!", म्हणजे खेळा की आता, असं म्हणताना भुवया वर नेणं. रविवारी काकांसमोर मी काळे मोहरे घेऊन हे सगळं करायचो आणि काकांनी सांगितलेल्या चाली खेळायचो. पहिल्यांदा ते इतके घाबरले, की राजाच्या जागी वजीर हलवला. काकू आतून ओरडल्या, "अहो, तो करमाळ्याचा आहे!"

हळूहळू काका सरावले. त्यांचा बेत असा होता. आपला राजा वजिराच्या, म्हणजे लांबच्या बाजूला लपवायचा, मग दुसऱ्या कडेचं प्यादं पुढे ढकलत न्यायचं. काळ्याने अडवलं तर शेजारचं प्यादं फुकट द्यायचं, पण हत्तीचा रस्ता उघडायचाच. शनिवारी डावाआधी क्लबच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून आम्ही ही उजळणी करायचो, मोठ्याने, बिनधास्त. इथे आपण सगळेच तसं करतो. मेट्रोत शेजारच्याच्या शर्टाबद्दल बोलायचं तर मराठीत. काका म्हणायचे, "मराठी म्हणजे आपलं कुलूप. बोल निवांत."

मग एका शनिवारी काकांनी कडेचं प्यादं ढकललं. सान्यालबाबूंनी अडवलंच नाही. थेट हत्ती देऊन घोडा मारला, तोही क्षणाचा विचार न करता. चहात साखर घालायलाही वेळ घेणारा माणूस! काका हरले. घरी परतल्यावर दारात एकदम विचारलं, "तू मंगळवारी त्याच्याकडे बसला होतास ना?"

"काका, तुम्हीच पाठवलं होतंत. नाक कसं ओढतात ते बघायला."

"नुसतं नाकच बघितलंस?"

त्याआधीच्या डावांतही बेत फुटला असं वाटून त्यांचा कामवाल्या मासींवर संशय घेऊन झाला होता, केबलवाल्यावर झाला होता, स्वतःच्या मोबाइलवरही झाला होता. तो मोबाइल चालींचा अभ्यास करताना फ्रिजवर ठेवायचे. आता माझा नंबर लागला. रविवारचं बोलावणं बंद झालं. मी हसण्यावारी नेलं, ऑफिसात काकांची नक्कलही केली, "नुसतं नाकच बघितलंस?" लोक लोळले.

हिवाळा सरत आला तेव्हा अचानक फोन आला, "रविवारी ये रे." माफी नाही, खुलासा नाही. काकूंनी साबुदाण्याची खिचडी केली होती. काका म्हणाले, "येत्या डावाला आपला जुनाच बेत. कडेचं प्यादं. पण आधी राजा एक घर कोपऱ्याकडे सरकवून ठेवणार, मग त्याला हत्ती देऊ दे." मी खूश. मग शनिवारी बाकावर बसलो, तर हेच काका मोठ्या आवाजात म्हणतात, "आज हल्ला नाही हं! राजा जवळच्या बाजूला लपवतो आणि सावकाश खेळतो." म्हातारा विसरला? की मला खोटं सांगून, मी कुठे जाऊन ओकतो ते बघतोय?

डावात काकांनी राजा लांबच नेला, एक घर सरकवला आणि कडेचं प्यादं सोडलं. सान्यालबाबू मोहऱ्यांकडे असे बघत होते, जणू कुणीतरी त्यांची खुर्ची हलवली होती. काका जिंकले. बाहेर पडल्यावर मला फुचका, म्हणजे इथली पाणीपुरी, खायला घातला. रस्त्यावरचं खाणं म्हणजे जंतू, असं म्हणणारा माणूस! मी एकेक पुरी संशयाने तोंडात टाकली. याला काय हवंय आता? विचारावं म्हटलं, पण त्यांनी "अजून एक घे" म्हणून वाटी पुढे केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले.

घरी भेटायला येणाऱ्यांत सान्यालबाबूही आले, हातात रजनीगंधाच्या काड्या घेऊन. काकूंसमोर हात जोडून म्हणाले, "वहिनी, काही लागलं तर सांगजा जी."

मी चहाचा कप खाली ठेवला. "तुम्हाला... मराठी येतं?"

"रेल्वेत होतो न बे, नागपूरले. पोरं तिथंच मोठी झाली."

"म्हणजे बाकावर आम्ही..."

"तुम्ही ओरडून बोलून राहिले, मी कान कापून ठेवू का?" मग खाली बघत म्हणाले, "पण तुया काकानं शेवटी बरोबर फसवलं मले. बाकावर एक बोलला, पटावर दुसरंच. तवाच समजलो, याले समजलं."

माझ्या डोक्यात ते दोन बेत शेजारी येऊन बसले. घरी मला सांगितलेला खरा, बाकावरचा खोटा. सान्यालबाबू खोट्याची तयारी करून आले. म्हणजे मी चुगली केली नव्हती, हे काकांना त्या शनिवारी पटलेलं होतं.

लोक गेल्यावर मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अरे, तू येत नव्हतास तेव्हा क्लबातून मला फोनवर म्हणाले, या सान्यालच्या स्वेटरला डांबराच्या गोळ्यांचा वास मारतो, डोकं उठतं. पुढच्या शनिवारी सान्यालबाबू नव्या स्वेटरमध्ये हजर! तेव्हा ह्यांची ट्यूब पेटली."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं की पोराला कशाला टांगून ठेवताय. तर म्हणाले, त्याला सांगितलं तर त्याच्या थोबाडावर छापून येईल, सान्यालला कळेल. अजून दोन-चार डाव जिंकू दे, मग सांगतो."

माझं समाधान व्हावं म्हणून काकूंनी हे रचलं असेल, असं अजून कधीकधी मनात येतं. पण सान्यालबाबू समाधान करणाऱ्यांतले नाहीत. आणि ते फुचके तर मी स्वतः खाल्लेत.

आता शनिवारी पांढरी माझ्याकडे असते आणि मी रीतसर हरतो. डावाआधी मी बाकावर बसून मोबाइल कानाला लावतो, पलीकडे कुणीही नसतं, आणि खणखणीत मराठीत म्हणतो, "आज कडेच्या प्याद्याला हातच लावणार नाही." आत सान्यालबाबूंचा चष्मा पुसणारा हात थांबतो. पटासमोर बसलो की ते पुढे वाकून हळूच विचारतात, "खरं बोलून राहिला का बे?"

मी राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे ठेवतो आणि घड्याळ दाबतो.