पायाळू मंदाबाईंची कंबर

मंदाबाई जन्माला आल्या त्याच पाय पुढे करून. सुईणीचा जीव टांगणीला लागला, पण मायलेकी वाचल्या आणि पोरगी जन्मभराची पायाळू झाली. पायाळूचा पाय पाठीला लागला की कंबरेत भरलेली चमक उतरते, असं आपल्याकडे मानतात. त्यामुळे मंदाबाईंना धड चालता यायच्या आधीच लोक त्यांना उचलून आपापल्या पाठीवर उभं करायचे. एकोडीला सून म्हणून आल्या, तर त्यांच्या पायाची ख्याती त्यांच्या आधीच गावात येऊन बसली होती.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली नवरा गेला. मुलगी दूर नांदत होती. उरल्या मंदाबाई आणि उजाडताच अंगणात येणारी कंबर धरलेली माणसं. ती वर्दळ हाच त्यांचा संसार झाला.

नुसता पाय लावून भागत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुखणारा माणूस लाकडासारखा ताठ होऊन येतो. म्हणून आधी त्याला सतरंजीवर पालथं निजवायच्या, अंग ढिलं सोड, लंबा श्वास घे म्हणायच्या, आणि धानाच्या, पोराबाळांच्या गोष्टी काढायच्या. तो हसला की मग डावा पाय हळूच टेकवायच्या.

आणि गंमत बघा, या बाईची स्वतःचीच कंबर कित्येक वर्षांपासून दुखत होती. साकोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मणके झिजलेत, दुखणं साफ जाणार नाही. हलका व्यायाम करा, अंग आखडून ठेवू नका, काळजी करू नका. मंदाबाईंनी व्यायाम सोडून दिला आणि काळजी तेवढी दुप्पट केली. पायाळूचीच कंबर दुखते हे कळलं तर अंगणात कुत्रंही फिरकणार नाही, या धास्तीने त्या दात आवळून ताठ चालायच्या. त्याने दुखणं आणखीच वाढायचं.

एका सकाळी शेजारच्या गिरजाबाई विरजण मागायला आल्या, तर मंदाबाई चुलीपाशी ओणव्या, ना उठता येत होतं ना बसता. "कोणाले सांगू नको व," एवढंच बोलल्या आणि रडू लागल्या.

गिरजाबाईंनी त्यांना धरून त्यांच्याच सतरंजीवर निजवलं. "तुह्यासारखा पाय तं माह्याजवळ नाही," त्या म्हणाल्या, "पण तुहं बोलणं माह्या तोंडपाठ आहे. अंग ढिलं सोड. कोणासाठी आवळून धरून राहिली?"

मग त्यांनी मंदाबाईंच्या लग्नातली गोष्ट काढली. ऐन पंगतीत नवरदेवाच्या मामाला चमक भरली आणि नव्या नवरीला मुंडावळ्यांसकट त्याच्या पाठीवर पाय द्यावा लागला होता. रडता रडता मंदाबाईंना हसू फुटलं. खांदे सैलावले, आवळलेला जबडा सुटला. दुखणं होतंच, पण आता ते कंबरेपुरतं उरलं होतं, सगळ्या जिवावर बसलेलं नव्हतं. फार बरं वाटलं त्यांना.

आता गुपित पोटात ठेवणं गिरजाबाईंना कधी जमलंय? दुपारपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी मंदाबाईंनी फाटक उघडलंच नाही. तरी गावातला सोमाजी आला. पोतं उचलताना त्याला चमक भरली होती.

"माहीच कंबर दुखते गा," मंदाबाई दारातूनच म्हणाल्या. "ऐकलं नाही का? कायले आला?"

"ऐकलं म्हणूनच तं आलो, काकू. माही कालपासून दुखते, अन् मी घरच्यांवर चिडून राहिलो. तुमची इतक्या वर्षांपासून दुखून राहिली, तरी तुम्ही आमाले हसवता. हे कसं जमते, थे सांगा."

मंदाबाई अंगणात उतरल्या. मग त्यांनी फाटक उघडलं. "मलेही कालच जमलं," त्या म्हणाल्या.

सोमाजीला सतरंजी दिली, आपण भिंतीला उशी लावून टेकल्या. दोघांनी लंबे श्वास घेतले. कुठे दुखतं, कधी जास्त दुखतं, हे मंदाबाई पहिल्यांदाच कुणापाशी मोकळेपणाने बोलल्या. मग मामाच्या पंगतीची गोष्ट निघाली आणि सोमाजी पालथा पडल्या पडल्या हसत सुटला. ऊन ओसरीवर आलं तेव्हा तो उठून घरी निघाला.

अर्ध्या वाटेत त्याला आठवलं, पाय लावायचा राहूनच गेला. परत जावं का म्हणून तो थांबला, कंबर इकडेतिकडे वळवून पाहिली आणि घरी गेला.