दादांचं रिकामं पिस्तूल

घड्याळजींना आयुष्यात कुणी घाबरलं नव्हतं. बायको नाही, गिऱ्हाईक नाही, दुकानाच्या पायरीवर पसरणारी मांजरसुद्धा नाही. पन्नाशी उलटलेला हा पाप्याचं पितर माणूस डोळ्याला भिंग लावून बसला की तासन्‌तास हलायचा नाही. एका भरदुपारी कुणीतरी चाकू दाखवून दुरुस्तीला आलेली अकरा घड्याळं उचलली, तेव्हा ते त्याला एवढंच म्हणाले, "जरा थांबा हो, या निळ्या पट्ट्याच्याचा काटा बसवायचा राहिलाय."

चोर थांबला नाही. घड्याळजींनी मात्र मनावर घेतलं. आठ महिने खेटे घालून त्यांनी पिस्तुलाचा परवाना मिळवला. तो कागद बघून बायको म्हणाली, "आधी नीट शिका. शिकल्याशिवाय ती वस्तू माझ्या उंबऱ्याच्या आत यायची नाही. चष्मा कुठे ठेवला ते तुम्हाला आठवत नाही, आणि म्हणे पिस्तूल!"

नेमबाजीच्या मैदानावर शिकवायला होत्या पोलिसांतून निवृत्त झालेल्या एक हवालदार. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, आणि म्हणताना आपोआप ताठ उभे राहत. घड्याळजी पहिल्या दिवशी खिशात बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन गेले. आत यंत्र कसं आहे ते बघायची त्यांना भारी हौस. बाईंनी तो काढून घेतला आणि हातात निळं प्लास्टिकचं पिस्तूल ठेवलं.

"हे खोटं आहे," घड्याळजी हिरमुसून म्हणाले.

"खोटं नाही, भरलेलं आहे," बाई म्हणाल्या. "जगातलं प्रत्येक पिस्तूल भरलेलं असतं, रिकामं आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत. नळी कुणाकडे रोखायची नाही. बोट चापाबाहेर. आणि समोरच्या निशाण्यामागे काय आहे ते आधी बघायचं, कारण गोळीला थांब म्हटलेलं कळत नाही."

तीन आठवडे घड्याळजी ते प्लास्टिक हातात घेऊन उठत बसत होते. ते शिक्षण घरातही शिरलं. टीव्हीचा रिमोट ते बटणावर बोट न ठेवता उचलायला लागले. छत्री कायम जमिनीकडे. एकदा भिंतीत खिळा ठोकायचा होता, तर हातोडी खाली ठेवून आधी शेजाऱ्यांकडे गेले आणि भिंतीच्या पलीकडे काय आहे ते विचारून आले.

"अहो, खिळा ठोकताय, गोळी नाही!" बायको कपाळावर हात मारून म्हणाली.

खरं पिस्तूल हाती आलं त्या दिवशी मात्र सगळी फजिती झाली. घड्याळजींनी डोळे गच्च मिटून चाप ओढला. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, धाडकन मागे आली आणि चुकीच्या जागी ठेवलेल्या अंगठ्याचं साल काढून गेली. गोळी शेजारच्या माणसाच्या निशाण्याला लागली. गोळी सुटली याच आनंदात घड्याळजी पिस्तूल हातात धरूनच गर्रकन मागे वळले, "लागली का हो?"

मागे उभी असलेली पाच माणसं एकदम खाली बसली. बाईंनी घड्याळजींचं मनगट पकडून त्यांना पुन्हा समोर फिरवलं आणि म्हणाल्या, "नळी खाली! बोट बाहेर!" आवाज असा, की मैदानाबाहेरचा चहावालाही हात वर करून उभा राहिला. घड्याळजींना पंधरा दिवस मैदानावर बंदी झाली. बांधलेल्या अंगठ्याने काटे बसवताना ती दोन वाक्यं त्यांच्या कानात घुमत राहिली.

बंदी उठली, शिक्षण पुरं होत आलं, आणि एका रविवारी दुपारी बायकोचे मोठे भाऊ आले. लाकडाच्या वखारीचे मालक, दणकट देह, दणकट आवाज. वीस वर्षं त्यांच्याकडे पिस्तूल होतं आणि वीस वर्षं घड्याळजी त्यांच्या नेमबाजीच्या गप्पा मान डोलावून ऐकत आले होते. उलट बोलायची टाप नव्हती.

"काय जावईबापू, शाळेत जाता म्हणे!" असं म्हणत दादांनी पिशवीतून पिस्तूल काढलं. "याची स्प्रिंग ढिली झालीय. तुम्ही स्प्रिंगांचे डॉक्टर, बघा जरा." त्यांनी मुठीतलं गोळ्यांचं मॅगझीन काढून टेबलावर टाकलं. "हं, झालं रिकामं."

"दादा, तेवढ्याने होत नाही. स्लाइड मागे ओढून..."

"अहो, मॅगझीन बाहेर आहे. आता यातून काय वाटाणे उडणार?" दादांनी एक डोळा मिटला, चापावर बोट ठेवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. भिंत पातळ होती, आणि पलीकडे स्वयंपाकघर.

"नळी खाली! बोट बाहेर!"

हा आवाज कुणाचा हे क्षणभर घड्याळजींनाही कळलं नाही. आत कप फुटला. दादांचा हात आपसूक खाली आला. घड्याळजींनी ते मनगट धरून नळी कोपऱ्यातल्या मातीने भरलेल्या मोठ्या कुंडीकडे वळवली, पिस्तूल काढून घेतलं आणि स्लाइड मागे ओढली.

खट्.

एक पिवळीधमक गोळी टुणकन बाहेर पडली आणि फरशीवरून घरंगळत दादांच्या पायाशी थांबली.

"ही... ही आत कशी?" दादांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मॅगझीन काढलं तरी आधीच नळीत चढलेली गोळी तिथेच राहते. आधी मॅगझीन काढायचं, मग स्लाइड ओढायची, मग आत डोळ्यांनी बघायचं."

बायको दारात येऊन उभी होती. तिने गोळीकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं. "दादा, मी त्याच भिंतीला टेकून कप विसळत होते रे."

दादा मटकन खुर्चीत बसले. "वीस वर्षं मी हे असंच गाडीच्या कप्प्यात..." आणि सगळं निभावल्यावर घड्याळजीही फरशीवर बसले. तिने दोघांना साखरपाणी पाजलं. आधी नवऱ्याला.

दुसऱ्या दिवशी तिनेच भावाला हाताला धरून बाईंसमोर उभं केलं. निळं प्लास्टिक हातात आल्यावर दादा उसळले, "अहो बाई, मला वीस वर्षांचा अनुभव आहे!"

"ते वीस वर्षांचं नशीब होतं," बाई म्हणाल्या. "अनुभव आजपासून."

दादा तीन आठवडे निमूटपणे उठत बसत राहिले. घड्याळजींनी रीतसर आपलं पिस्तूल घेतलं. ते भिंतीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी पेटीत राहतं. गोळ्या दुसऱ्या पेटीत, आणि त्या पेटीची किल्ली बायकोकडे. त्यांचा नेम काही सुधारला नाही. पण नवीन लोकांचा पहिला तास बाई आता त्यांनाच घ्यायला लावतात, कारण एवढा काटेकोर शिक्षक त्यांना दुसरा मिळाला नाही. त्याच तासाला एक दिवस बायकोही येऊन बसली. महिनाभराने तिने पाचातल्या चार गोळ्या मधोमध मारल्या. घड्याळजी इतके खूश झाले, की रात्रीच्या जेवणापर्यंत भेटेल त्याला तेच सांगत होते, आणि आपल्या किती लागल्या ते कुणी विचारलं तर चटकन विषय बदलत होते.