मोतीचा सोमवार

खालच्या मजल्यावर कुणीतरी सुके बोंबील भाजतंय आणि मी डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत जाऊन पोचलोय.

"आमचो मोती सोमवार धरता," आई अख्ख्या चाळीला सांगायची. सोमवारी घरात मासळी नसे आणि आमचा हा कुत्रा दहीभात नुसता हुंगून बाजूला व्हायचा. आई कौतुकाने त्याच्या कपाळाला अंगारा लावायची. खरं काय ते बाबांना आणि मलाच ठाऊक. फिरवायला म्हणून नेऊन बाबा त्याला कोपऱ्यावरच्या खानावळीत बोंबील चारायचे. आईला कसं फसवलं म्हणून आम्ही दोघं जिन्यात हसायचो.

बाबा गेले. तेराव्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मोती जिन्याकडे तोंड करून उंबऱ्यावर बसला, उठेचना. दहीभात तसाच सुकला. मग आईने स्टोव्ह पेटवला आणि सोमवार असूनही दोन बोंबील भाजले. मोती धावत आला.

"आई, तुला माहीत होतं?"

"तेच्या तोंडाक वास येय होतो," मोतीला तुकडा भरवत ती म्हणाली. "तुझ्या बाबांच्या हाताकय येय होतो."