न बघता म्हटलेलं ‘योशी’

मोरिता-सान. आधी हे नाव लिहून टाकते. पुढचं लिहिताना धीर सुटला तर निदान एवढं तरी कागदावर राहील, की या परक्या देशात मला अक्षरं दिली ती या माणसानं. बाकीचं मी मराठीत आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. कदाचित तुम्ही माझ्याकडे बघत नाही आहात म्हणून.

जपानात, उरायासु नावाच्या शहरात, एका जुन्या दुमजली इमारतीत आम्ही वर राहतो, मोरिता-सान खाली. वय अठ्ठ्याहत्तर, एकटेच. उभा जन्म त्यांनी रेल्वेगाडी चालवली. माझा नवरा निशी-कसाई नावाच्या भागातल्या एका हॉटेलात आचारी आहे, तो सकाळी जातो तो रात्रीच येतो. आणि मी — नववीतून शाळा सुटलेली. वडील आजारी पडले आणि मी इचलकरंजीत मागाच्या कांड्या भरायला बसले. इथल्या गणपतीत कॉम्प्युटरवाल्यांच्या बायका शिक्षण विचारायला लागल्या की मी प्रसादाचं ताट उचलून दुसरीकडे सरकते.

पहिल्याच महिन्यात माझी कचऱ्याची पिशवी दोनदा लाल चिठ्ठी लावून परत आली. मला ती चिठ्ठी वाचता येत नव्हती. मोरिता-साननी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्रं काढली — बाटली या वारी, भाजीची सालं त्या वारी. मग चित्रांखाली अक्षरं. मग रोज दुपारी दोन वाजता अक्षरं, वर्षभर. मी किती शिकलेय हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. ही लहान गोष्ट आहे का?

त्यांची एक सवय सांगायला हवी, कारण सगळं तिच्याशीच येऊन अडतं. घराबाहेर पडताना ते गॅसकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणतात, ‘योशी’. खिडकीकडे बोट — योशी. कुलूप — योशी. म्हणजे बघितलं, ठीक आहे. रेल्वेतली सवय. सुरुवातीला मला हसू यायचं. ते म्हणाले, “बोट लोकांसाठी नसतं, आपल्याच डोळ्यांसाठी असतं. न बघता योशी म्हणायचं नाही. एवढंच.”

त्यांना घरी बिअर करायचा नाद होता. इथं घरात एक टक्क्याच्या आत अल्कोहोल असलेली, अगदी नावापुरतीच बिअर करता येते, त्याहून कडक केली तर गुन्हा. म्हणून ते मोजून जास्त पाणी घालत. नवरा मला चिडवायचा, म्हणायचा, गावाकडे हातभट्टी म्हटलं की पोलीस येतात, आणि तू इथं म्हाताऱ्याबरोबर भट्टी लावतेस. त्यांच्यानं ती बादली उचलवत नव्हती, म्हणून माझे हात. माल्टचा पाक पाण्यात कालवायचा, गार करायचा, यीस्ट घालायचं, झाकण लावून ठेवायचं. वहीत पायऱ्या लिहिलेल्या. मी करायचं, बोट दाखवून योशी म्हणायचं, ते वहीत त्या पायरीपुढे खूण करणार. त्यांना आता जवळचं नीट दिसत नाही — म्हणून माझं योशी तेच त्यांचं.

त्यांच्या लांब चमच्यानं पाक नीट मिसळत नसे. एक दिवस मी वरून माझी ताकाची लाकडी रवी आणली. ते खूश — उलटसुलट करून बघितली, तळव्यांत धरून फिरवली, याच्याहून चांगलं यंत्र नाही म्हणाले. पहिल्या खेपेला रवी, बादली, सगळं जंतू मारायच्या औषधानं पुसलं. बिअर छान झाली. मी एक पेला प्यायलेसुद्धा. आईला कळवू नका.

दुसऱ्या खेपेला औषध संपलं होतं. त्यांनी मला दुकानात पाठवलं. त्या बाटलीवरची दोन अक्षरं त्यांनी मला तीनदा शिकवली होती — तीनदा. मी घरी आणलं ते भांडी घासायचं द्रावण. बादलीपाशी बसल्यावर वास आला आणि कळलं. त्या वेळी काय अवघड होतं, चुकले म्हणायला? दुकान पाच मिनिटांवर. पण शिकवलेलं विसरले हे त्यांना कळेल… एवढीच भीती. मी साबणानं सगळं धुतलं, रवीवर कढत पाणी ओतलं. आमच्या घरात भांडी अशीच तर स्वच्छ होतात, असं मनाशी म्हटलं. त्यांनी आतून विचारलं, औषधानं पुसलं का. मी बोट दाखवलं. रवीकडे बघितलं नाही.

योशी.

रवीच्या खाचांत ताकाचं काय काय असतं हे मला आता ठाऊक आहे. एवढ्याशा विरजणानं पातेलंभर दूध विरजतं, मग बादलीभर गोड पाण्याचं काय होणार? त्यात बिअर इतकी सौम्य की तिला स्वतःला सांभाळायची ताकद नाही. तीन आठवड्यांनी बाटली उघडली तर आंबट ढाण. तेव्हा तरी बोलायचं. नाही बोलले. पुढच्या खेपेला खरं औषध आणलं, तरी आंबट. बादलीच्या ओरखड्यांत ते बसलं होतं.

मोरिता-साननी वही उघडून, भिंग धरून खुणा पुन्हा पुन्हा बघितल्या. सगळ्या बरोबर. मग हळूच म्हणाले, “मीच काहीतरी विसरतोय.”

मी ऐकलं. आणि चहा ठेवला.

त्यानंतर बादली माळ्यावर गेली. ते गॅसला दोनदा योशी म्हणायला लागले, मग तीनदा. एकदा स्टेशनवरून परत आलेले पाहिले, गॅस बघायला. ओसाकाला राहणारी त्यांची मुलगी फोनवर वृद्धाश्रमाचं बोलत होती, आणि ते ‘हो, बघू’ म्हणत होते — ज्यांनी चाळीस वर्षं गाडी चालवली ते. माझ्या एका शब्दानं. सात महिने मी रोज दोन वाजता त्यांच्यासमोर बसून अक्षरं गिरवली. तुम्ही बसू शकला असता?

गेल्या रविवारी रवी आणि ती द्रावणाची बाटली घेऊन खाली गेले. माझ्या मोडक्या जपानीत सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, योशी म्हणताना बघितलं होतंस का. मी नाही म्हटलं. बराच वेळ ते रवी फिरवत बसले. रागावले होते, ते दिसत होतं. मग म्हणाले, “म्हणजे मी विसरलो नव्हतो.”

त्यांनी वही मागितली आणि त्या खेपेच्या पानावर मला माझ्या हातानं लिहायला लावलं — काय चुकलं, कुणाचं. औषधाच्या बाटलीवरची ती दोन अक्षरं मी न बघता लिहिली. मग मुलीला फोन लावला आणि म्हणाले, नवी बादली आणतोय, आश्रमाचं राहू दे. त्या दिवशी बाहेर पडताना त्यांनी गॅसकडे एकदाच बोट दाखवलं.

नवी बादली आली आहे. लाकूड तिच्यात जायचं नाही, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे. माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

मोरिता-सान, कधीतरी तुमचं बोट उठेल आणि डोळ्यांना पलीकडचं दिसणार नाही. तेव्हा मी असेन. गॅसपर्यंत जाईन, खाली वाकून नीट बघेन, आणि मगच तुम्हाला योशी म्हणेन.