सरांनी उचललेला आलेख

मंडळी, आज सूड उगवला आणि अजिबात वाईट वाटत नाहीये.

एका तरुण ताऱ्याभोवती ग्रह घडवणारी धुळीची तबकडी मला इन्फ्रारेडमध्ये सापडली. माझे मार्गदर्शक सर वर्षभर म्हणत राहिले, "तुझी मोजणी चुकलीय." आज बेंगळुरूतल्या आमच्या संस्थेत त्यांनी तोच शोध स्वतःचा म्हणून मांडला, माझ्या टेबलावरचा आलेख उचलून.

पण तो आलेख मी बाद केलेला होता. तो घेतला त्या रात्री डिटेक्टर थंड ठेवणारा द्रव नायट्रोजन संपला होता. आलेखात होती ती आमच्याच यंत्राची उष्णता.

मी हात वर केला. "सर, या आलेखाच्या रात्री नायट्रोजन पुरला का?"

सरांनी तो भरणाऱ्या नागराजअण्णांकडे पाहिलं.

"टाकी रिकामी होती, सर," अण्णा म्हणाले.

व्याख्यानाआधी त्या आलेखाची ट्रान्सपरन्सी प्रोजेक्टरवर मीच नीट सरळ करून ठेवली होती. तुम्ही तेव्हाच सांगितलं असतंत?